उपग्रहाला छप्पर दिसतं, कब्रस्तान दिसत नाही

जुलै महिना. गुहागरात पावसाची झड लागलेली, मैदानात पाणी साचलेलं. खेळाचा तास वर्गातच घ्यायचा ठरला, म्हणून आम्ही प्रोजेक्टर लावला आणि नववीच्या मुलांसमोर इंटरनेटवर मोफत मिळणारा जमिनीचा एक नकाशा उघडला. उपग्रहांच्या माहितीवरून संगणकाने तयार केलेला. झाडं हिरवी, इमारती लाल, गवत पिवळं, पाणी निळं.

मुलांनी समुद्र ओळखला, वाशिष्ठीची खाडी ओळखली, अंजनवेलचा वीज प्रकल्प ओळखला. मग प्रत्येक जण आपापलं घर शोधायला लागला. एका मुलाचा सगळा मोहल्लाच हिरवा निघाला. "सर, इथे तर नुसती झाडं दाखवतात. आम्ही काय झाडावर राहतो?" वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, कब्रस्तान कुठल्या रंगात आहे?"

आम्ही रंगांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. कब्रस्तानासाठी रंगच नव्हता. आमच्या कब्रस्तानाची जागा नकाशात अर्धी झाडं आणि अर्धं गवत म्हणून भरलेली होती. मुलीचा प्रश्न साधा होता, पण आज आपल्या प्रत्येक जमातीने, प्रत्येक मोहल्ल्याने तो विचारायला हवा. कारण देशभर जमिनीचे नवे नकाशे बनत आहेत, आणि एकदा कागदावर आलेला रंग बदलायला वर्षं जातात.

सध्या काय चाललंय?

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह आकाशात गेला. इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून बनवलेला, २३९२ किलो वजनाचा, १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना असलेला. तो दर १२ दिवसांनी पृथ्वीवरच्या जवळपास सगळ्या जमिनीवरून नजर फिरवतो, आणि ती रडारची नजर आहे. दिवस असो, रात्र असो, ढग असोत, त्याला फरक पडत नाही.

त्याआधी १८ फेब्रुवारी २०२५ ला केंद्र सरकारने शहरांच्या जमीन मोजणीसाठी 'नक्शा' नावाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात २६ राज्यं आणि ३ केंद्रशासित प्रदेशांतली १५२ शहरं. यात विमानातून छायाचित्रं घेतली जातात, लेझर किरणांनी उंची मोजली जाते आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन मालकी तपासली जाते. गावठाणांसाठी 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० पासून सुरूच आहे. त्यातल्या ड्रोनच्या फेऱ्या आणि मिळकत पत्रिका कोकणातल्या बहुतेक गावांना आता माहीत आहेत.

आणि ६ जून २०२५ ला 'उमीद' पोर्टल सुरू झालं. वक्फच्या प्रत्येक मालमत्तेची नोंद तिथे करायची आणि सोबत जागेचे अक्षांश-रेखांशही द्यायचे. वक्फ कायद्यातल्या बदलांबद्दल समाजात नाराजी आहे, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलेलं आहे. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना दिसते आहे. मस्जिद, मदरसा, दर्गा, कब्रस्तान, ईदगाह या सगळ्या जागा आता नकाशावरचे बिंदू होणार आहेत. तो बिंदू कुठे पडतो आणि त्याच्यापुढे काय लिहिलं जातं, याला मोल आहे.

म्हणून हे उपग्रह नेमकं काय बघतात, कसं बघतात आणि काय बघू शकत नाहीत, हे आपण समजून घेऊ. विषय तांत्रिक आहे, पण कोकणच्या माणसाला तो कळायला अवघड नाही.

नारळ बघणे आणि नारळ वाजवणे

बाजारात नारळ घेताना आपण काय करतो? आधी रंग बघतो. मग कानाशी नेऊन हलवतो, टिचकी मारून वाजवतो. डोळ्याने जे कळत नाही, ते आवाजाने कळतं.

उपग्रहही दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार फक्त बघतो. सूर्याचा उजेड जमिनीवर पडतो, परत फिरतो, तो उपग्रहाचा कॅमेरा टिपतो. याला प्रकाशीय प्रतिमा म्हणतात. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह या प्रकारचे. पहिला २३ जून २०१५ रोजी सोडला गेला. ते १३ वेगवेगळ्या पट्ट्यांत प्रकाश मोजतात. त्यातले काही पट्टे आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. त्यामुळे माड, आंबा, भाताचं शेत या गोष्टी या कॅमेऱ्याला चटकन ओळखता येतात.

पण कोकणात या कॅमेऱ्याच्या दोन मोठ्या अडचणी आहेत.

पहिली अडचण पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच दिसत नाही, तर आकाशातून आपण काय दिसणार? उपग्रह पाच दिवसांनी येतो आणि ढगांच्या पाठीचा फोटो घेऊन जातो.

दुसरी अडचण आपला जांभा. एप्रिल-मे महिन्यात सडा कोरडा पडतो, गवत जळून जातं, लालसर तपकिरी कातळ उघडा होतो. आपल्या घरांच्या भिंती त्याच जांभ्या चिऱ्याच्या, छपरं लाल कौलांची. वरून बघणाऱ्याला उघडा सडा आणि कौलारू वस्ती यांचा रंग मिळताजुळता दिसतो. उघडी कोरडी जमीन आणि बांधकाम यांची गल्लत ही प्रकाशीय प्रतिमांची जगभरातली जुनी अडचण आहे. कोकणात जांभ्यामुळे ती आणखी वाढते.

दुसऱ्या प्रकारचा उपग्रह टिचकी मारतो. म्हणजे रडार. तो स्वतःच्या रेडिओ लहरी खाली सोडतो आणि परत येणारा प्रतिसाद मोजतो. त्याला सूर्य लागत नाही, ढग आड येत नाहीत. युरोपचा सेंटिनेल-१ हा असा उपग्रह, पहिला ३ एप्रिल २०१४ रोजी गेला. आपल्या इस्रोनेही २६ एप्रिल २०१२ रोजी रिसॅट-१ आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ईओएस-०४ हे रडार उपग्रह सोडले.

रडार सरळ खाली बघत नाही, तिरकं बघतं. शांत पाण्यावर लहर पडली की ती आरशासारखी दुसरीकडे निघून जाते, परत येतच नाही. म्हणून पाणी काळं दिसतं. झाडाच्या पानाफांद्यांत लहर इकडेतिकडे विखुरते, म्हणून झाडी मध्यम उजळ. आणि घर? लहर आधी अंगणावर आपटते, तिथून भिंतीवर, भिंतीवरून थेट परत उपग्रहाकडे. कॅरमची सोंगटी कोपऱ्यातल्या दोन कडांना लागून परत यावी तशी. त्यामुळे इमारती लख्ख पांढऱ्या चमकतात. अंजनवेलच्या प्रकल्पासारखी लोखंडाची, टाक्यांची, मोठ्या भिंतींची जागा तर रडारच्या चित्रात लांबूनच उठून दिसते.

आता सडा आणि कौलारू वस्ती यांची गल्लत सुटू शकते. रंग सारखा असला तरी सपाट कातळावरून लहर फारशी परत येत नाही, भिंतींवरून येते.

रडारच्याही अडचणी आहेत. आपला मुलूख डोंगराळ. उपग्रहाकडे तोंड करून असलेला उतार जास्त उजळ दिसतो, त्याला इमारत समजण्याची चूक होऊ शकते. डोंगराच्या मागची बाजू सावलीत जाते, तिथलं काहीच कळत नाही. घराची भिंत उपग्रहाच्या दिशेला तिरपी असेल तर चमक कमी पडते. आणि सेंटिनेल-१ ची लहर जेमतेम ५.६ सेंटीमीटर लांबीची. ती माडाच्या झावळ्यांतच अडकते, खालच्या घरापर्यंत नीट पोहोचत नाही.

गुहागर शहराचीच रचना बघा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये लांबट चिंचोळी पट्टी. खालचा पाट, वरचा पाट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, आणि घरांवर माड-पोफळीची वाडी. वरून बघाल तर हिरवी बाग, आत शिराल तर भरलेली वस्ती. आमच्या वर्गातला तो मुलगा 'झाडावर' का राहत होता, ते आता लक्षात येईल. निसारमध्ये दोन रडारं आहेत, त्यातलं नासाचं २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरीवर चालतं. ही लांब लहर पानांतून बरीच खाली जाते. माडांखालच्या घरांच्या बाबतीत तिची मदत होईल अशी आशा आहे.

दोन्ही एकत्र केले की काय होतं?

एकाला रंग कळतो, दुसऱ्याला आकार आणि खडबडीतपणा. म्हणून दोन्ही एकत्र वापरायचे. पद्धत अशी, की जमिनीचे छोटे छोटे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनासाठी प्रकाशीय उपग्रहाचे आकडे आणि रडारचे आकडे एकाच ओळीत मांडायचे, तेही वर्षभराच्या वेगवेगळ्या महिन्यांचे. भाताचं शेत जुलैत पाण्याने भरलेलं, सप्टेंबरात हिरवं, डिसेंबरात कोरडं. घर मात्र बारा महिने तसंच. हा फरक संगणक पकडतो.

संगणकाला आधी शिकवावं लागतं. हजारो चौकोन माणसांनी ओळखून द्यायचे, हे घर, हे झाड, हे शेत. मग संगणक उरलेल्या लाखो चौकोनांचा अंदाज बांधतो. यासाठी खूप वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे शेकडो छोटे निर्णय घेऊन शेवटी मतदान करायचं. ज्या रंगाला जास्त मतं, तो रंग चौकोनाला मिळतो. म्हणजे नकाशातला रंग हा बहुमताचा अंदाज असतो. आणि शिकवताना दिलेल्या नमुन्यांत माडांखालची कोकणी घरं नसतील, तर ती घरं ओळखायला संगणक शिकणार कुठून? वर्गात जे शिकवलंच नाही ते पेपरात आलं तर मुलगा काय लिहील, तसंच हे.

अशा एकत्रित पद्धतीने बनलेला मोठा नकाशा म्हणजे युरोपीय अंतराळ संस्थेचा 'वर्ल्डकव्हर'. सेंटिनेल-१ आणि सेंटिनेल-२ या दोन्हींवरून बनवलेला, सगळ्या जगाचा, ११ वर्गांचा. २०२१ सालच्या नकाशाची अचूकता बनवणाऱ्यांनी स्वतःच तपासून जाहीर केली, ७६.७ टक्के. म्हणजे जगभरात सरासरी शंभरातले तेवीस चौकोन चुकतात. एवढ्या मोठ्या कामात हा निकाल चांगलाच आहे, आणि चूक लपवली नाही हेही चांगलं. पण तो तेविसावा चौकोन तुमच्या अंगणाचा असेल तर?

चौकोन केवढा, हेही बघू. या नकाशात एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपल्या भाषेत जवळपास एक गुंठा. एका गुंठ्यात घर, अंगण, विहीर, चार माड, सगळं येतं. त्या सगळ्याला मिळून एकच रंग मिळणार. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासाठी कस्तुरीरंगन समितीने २०१३ च्या अहवालात वापरलेल्या उपग्रह चित्रांचा चौकोन सुमारे २४ मीटरचा होता, म्हणजे साडेपाच गुंठ्यांहून मोठा. त्या क्षेत्राचे मसुदे निघत राहिले, ३१ जुलै २०२४ ला पुन्हा एक निघाला, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली गावंही आहेत. माणसाने लावलेली बाग आणि आपोआप वाढलेलं जंगल वरून वेगळं ओळखता येतं का, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

समुद्रकिनारी आणि खाडीकाठी राहणाऱ्यांसाठी गुंठ्याचा हिशेब आणखी महत्त्वाचा. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याच्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा येतो, खासगी जमिनीतलं कांदळवन वगळून. १००० चौरस मीटर म्हणजे असे फक्त दहा चौकोन. अर्थात किनाऱ्याचे आणि शहरांचे अधिकृत नकाशे यापेक्षा पुष्कळ बारीक चित्रांवरून होतात. इस्रोचा कार्टोसॅट-३ तर २५ सेंटीमीटरपर्यंतची वस्तू टिपतो. चित्र बारीक झालं की चुका कमी होतात हे खरं. पण एक चूक कितीही बारीक चित्र घेतलं तरी जात नाही.

आच्छादन वेगळं, वापर वेगळा

इथेच त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जमिनीवर काय आहे, याला भू-आच्छादन म्हणतात. झाड, गवत, पाणी, छप्पर. त्या जमिनीचं लोक काय करतात, याला भू-वापर म्हणतात. उपग्रह पहिली गोष्ट बघतो. दुसरी गोष्ट त्याला दिसत नाही, ती माणसांना माहीत असते.

अंजनवेलच्या गोपाळगडाचं उदाहरण घ्या. तटबंदीच्या आत आंब्याची बाग. उपग्रह म्हणेल, बाग. इतिहासाचा मास्तर म्हणेल, किल्ला. दोघांनाही खोटं म्हणता येत नाही, पण किल्ल्याचा निर्णय बाग समजून घेतला तर काय होईल?

आपल्या कब्रस्तानाचं तेच. बहुतेक कब्रा कच्च्या, मातीच्या. वर गवत, कडेला चाफा, आंबा, काही ठिकाणी दाट झाडी. चिऱ्याचा गडगा चौकोनाच्या मानाने इतका अरुंद की हिशेबातच येत नाही. प्रकाशीय उपग्रह म्हणतो झाडी आणि गवत. रडार म्हणतं, भिंत नाही, इमारत नाही. दोघांचं एकमत होतं, आणि निकाल लागतो: मोकळी जागा. ज्या मातीत आपल्या चार-चार पिढ्या आहेत, ती मोकळी जागा! यात संगणकाचा वाईट हेतू नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

यादी इथे संपत नाही. वर्षातून दोनदा भरणारी ईदगाह उरलेले दिवस मैदानासारखी दिसते. राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर चालणारा मकतब वरून घरच दिसतो. वेलदूरसारख्या मच्छीमार गावात मासळी वाळवायची, जाळी पसरायची, होड्या ओढून ठेवायची जागा वरून नुसती वाळू दिसते. गावदेवीचं रान, स्मशानभूमी, गुरं चरायचा सडा, यांचंही असंच. हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा नाही. शेजारच्या कोळीवाड्याचा आहे, कुणबीवाडीचा आहे, बौद्धवाडीचा आहे. वाडीवाडीने एकत्र बसून विचार करण्याचा आहे.

उलटी गोष्टही आहे. आखातात गेलेल्या आपल्या कितीतरी भावांची घरं वर्षातले दहा महिने बंद असतात. उपग्रहाला बंद घर आणि नांदतं घर सारखंच दिसतं. मग वस्ती मोजून पाणी, रस्ता, शाळा ठरवायची म्हटलं तर छपरं मोजून भागेल का?

मुंबईने काय शिकवलं?

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर मुंबईकडे बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ प्रमाणे शहराचा विकास आराखडा करण्याआधी 'विद्यमान भू-वापर नकाशा' करावा लागतो. कायद्याचं कलम २५. आज कुठल्या जागेचा काय वापर आहे, ते त्यात दाखवायचं. त्यावर पुढच्या वीस वर्षांचे रस्ते, शाळा, बागा, आरक्षणं बसतात. पाया हाच.

मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्यासाठी असा नकाशा २०१२-१३ मध्ये झाला. अर्बन डिझाईन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्था आणि वस्त्यांतले कार्यकर्ते तो घेऊन गल्लीगल्लीत फिरले आणि चुका दाखवू लागले. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा त्यातही धार्मिक स्थळं, वारसा वास्तू, उभ्या इमारती चुकीच्या दाखवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. हजारो हरकती आल्या. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना तो मसुदा रद्द करून दुरुस्त करायला सांगावं लागलं. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ मध्ये.

यात आमच्या मते दोन धडे आहेत. देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचाही नकाशा चुकतो, हा एक. आणि लोकांनी वेळेत, लेखी, पुराव्यासह चूक दाखवली तर नकाशा बदलतो, हा दुसरा. दुसरा धडा आपण विसरतो. आपल्याकडे गुहागर नगरपंचायत आहे, शृंगारतळीसारखी बाजारपेठ दरवर्षी वाढते आहे. आज ना उद्या प्रत्येक वाढत्या गावाच्या वाट्याला असा नकाशा येणारच.

भीती आणि तिच्यावरचा उतारा

नकाशा, ड्रोन, उपग्रह असे शब्द आले की आपल्या मोहल्ल्यांत लोक गप्प होतात. 'मोजणी आली म्हणजे काहीतरी जाणार' ही भीती. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर जे बघितलं त्यानंतर ही भीती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण भीतीपोटी मोजणीच्या दिवशी दाराला कुलूप लावून निघून जाणं, नोटीस न वाचता ठेवून देणं, यात नुकसान आपलंच. आपण गैरहजर असलो म्हणून नकाशा थांबत नाही. तो आपल्याशिवाय पूर्ण होतो.

शिवाय हीच नजर आपल्या उपयोगाचीही आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं, तो दिवस आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. अशा दिवशी आकाश ढगांनी भरलेलं असतं आणि पाणी कुठवर पसरलं हे वरून फक्त रडार दाखवू शकतं. त्यातही एक मेख आहे. उघड्या शेतातलं पाणी रडारला काळं, स्पष्ट दिसतं. बाजारपेठेत इमारतींच्या मधल्या पाण्यावरून लहर भिंतीवर जाऊन परत येते, म्हणून तिथे पूर ओळखणं अवघड जातं. कुठे इमारती आहेत, कुठे मोकळं आहे, हा नकाशा आधीपासून बरोबर असेल तरच पुराचा नकाशा बरोबर येतो. म्हणजे आपलं घर नकाशात 'झाड' असेल, तर पूर आल्यावरही ते झाडच राहील. मदतीच्या यादीत झाडं नसतात.

निसर्गाच्या रक्षणाचंही तसंच. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर राज्यातल्या कांदळवनांची मोजणी उपग्रहाच्या चित्रांवरून झाली. त्यात नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने काम केलं. कांदळवन टिकलं तर खाडीतली मासळी टिकते, हे वेलदूरच्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक. उपग्रहांची जुनी चित्रं जपून ठेवलेली असतात. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची १९७२ पासूनची, सेंटिनेलची दहा वर्षांची, मोफत बघता येतात. एखादी इमारत अमुक साली उभी होती का, एखादी जागा कधीपासून मोकळी आहे, हे त्यातून दाखवता येतं. मालकी मात्र त्यातून सिद्ध होत नाही. मालकीसाठी कागदच लागतात.

आता करायचं काय?

जमातीच्या पुढच्या बैठकीत एवढ्या पाच गोष्टी घ्याव्यात, असं आम्हाला वाटतं.

एक, जागांची यादी. मस्जिद, मदरसा, कब्रस्तान, ईदगाह, विहीर, पाणवठा, मासळी वाळवण्याची जागा. प्रत्येकापुढे सर्व्हे नंबर, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि वापर किती जुना आहे त्याची नोंद. मुतवल्लींच्या कपाटातले जुने कागद फोटो काढून ठेवा. पुष्कळ कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. वाचणारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून उतरवून घ्या.

दोन, अक्षांश-रेखांश. कब्रस्तानाच्या प्रत्येक कोपऱ्यावर उभं राहून मोबाईलवर जागेची नोंद घ्या. एकच बिंदू दिला तर तो गडग्याबाहेर पडू शकतो. चार कोपरे दिले की हद्द कळते. मोबाईलचा बिंदू चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून दोन-तीनदा नोंद घ्यावी.

तीन, बोर्ड. कब्रस्तानाच्या दारावर मराठीत आणि उर्दूत ठळक पाटी. ती उपग्रहाला दिसणार नाही, पण जागेवर तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्याला दिसेल. त्याच्या वहीतली एक ओळ उपग्रहाचा अंदाज बदलू शकते.

चार, सूचना-फलक. नगरपंचायत, ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, भूमी अभिलेख यांच्या जाहीर सूचना कोण वाचतं? एका माणसावर जबाबदारी द्या. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत लेखी अर्ज, नकाशाचा भाग, कागदांच्या प्रती द्या, आणि पोच घ्या. सुनावणीला कुणीतरी गेलंच पाहिजे. मुदत गेल्यावर मोर्चा काढून काय उपयोग?

पाच, आपली मुलं. हे नकाशे कुणीतरी माणसंच बनवतात. भूगोल, सर्वेक्षण, संगणक, सुदूर संवेदन यांचे अभ्यासक्रम आहेत, नोकऱ्या आहेत. इस्रोच्या 'भुवन' पोर्टलवर नकाशे मोफत बघता येतात, सेंटिनेलची चित्रं मोफत मिळतात, निसारची माहितीही सगळ्यांना खुली ठेवायचं धोरण आहे. आपल्या घरात हुशार मुलगा म्हटला की डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर सौदी-दुबई. मुलगी असेल तर डीएड. नकाशा वाचणारं, बनवणारं एक तरी लेकरू प्रत्येक गावात का नसावं?

आम्ही त्या तासाचं पुढे काय केलं, ते सांगून थांबतो. पाऊस उघडल्यावर वर्गाला गृहपाठ दिला: आपल्या वाडीतल्या अशा पाच जागा लिहून आणा, ज्या वरून दिसतात एक आणि असतात दुसऱ्याच. मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून आली. कुणी बुजलेली विहीर आणली, कुणी सड्यावरचा जुना ईदगाहचा चौथरा आणला, कुणी शेजारच्या वाडीचं देवरान आणलं. सगळं मिळून शंभरावर जागांची वही झाली. कब्रस्तानाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने कब्रस्तानाचे चारही कोपरे वडिलांच्या मोबाईलवर नोंदवून आणले होते, खाली सर्व्हे नंबरसह.

ती वही आता शाळेच्या कपाटात आहे. तिची एक प्रत जमातीकडे दिली आहे. तुमच्या गावची वही कोण लिहिणार?